केरू मोतद्दाराची पिशवी

१

“वनमाला, तुझी पिशवी गेली गं.”

बुधवारी सकाळी सव्वाआठला भाऊंचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. भाऊ म्हणजे राजाराम परब, राहणार मुलुंड पूर्व. विक्रोळीच्या कारखान्यात आम्ही एकतीस वर्षं एका टेबलावर जेवलो. ते मशीन शॉपचे सुपरवायझर, मी स्टोअर्समध्ये. माल कमी भरला की चौकशी माझ्या गळ्यात पडायची, आणि ती मी इतकी चिकाटीने करायचे की पाठीमागे लोक मला सीआयडी म्हणत. भाऊ तेवढे तोंडावर म्हणत. मंगळवारी त्यांचा गणपतीचा वार असायचा. त्या दिवशी माझ्या सुक्या बोंबलांचा डबा मी आपणहून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवायचे, आणि ते त्यांच्या डब्यातली आमसुलाची चटणी माझ्या ताटात वाढायचे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांनी मांडवाचे बांबू उचललेत. आमची ओळख एवढी जुनी.

आता पिशवीचं सांगते. ती पर्स नव्हे. पूर्वी घोडदळातल्या प्रत्येक घोड्याच्या जिनाला एक जाड चामड्याची पिशवी टांगलेली असे. त्यात दोन राखीव नाल आणि मूठभर खिळे. माझे पणजोबा केरू गायकवाड पहिल्या महायुद्धात एका रिसाल्याबरोबर मेसोपोटेमियात गेले होते. सवार म्हणून नव्हे, मोतद्दार म्हणून. घोड्याला खरारा करायचा, दाणा घालायचा, लीद काढायची आणि गोळीबार सुरू झाला की घोडा धरून उभं राहायचं. रिसाल्याच्या दप्तरात सवारांची नावं आहेत. मोतद्दारांच्या रकान्यात नुसता आकडा आहे. केरू परत येताना एक नालपिशवी घेऊन आले, आणि तिच्या झाकणाच्या आतल्या अस्तरावर आरीने कोरून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. ते लिहायला कुठे शिकले हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या नावाचा जगात तेवढाच लेखी पुरावा.

आमच्या चाळीत ती पिशवी पट्ट्यानेच एका खिळ्याला अडकवलेली असायची. सात वर्षांपूर्वी आई गेली, चाळ पाडायला निघाली, तेव्हा भाऊंनी ती मागितली आणि मी दिली. भाऊंना घोड्याच्या जुन्या सामानाचं वेड. जीन, लगाम, रिकिबी, तोबरे, दीडशेच्या वर वस्तू. त्यांच्या तळमजल्यावरच्या घराला लागून असलेली खोली नुसती चामड्याने भरली होती. माझी अट एकच होती, की खुंटीखाली केरूंच्या नावाची पाटी हवी. भाऊंनी पितळेची पाटी करून घेतली.

आणि येत्या रविवारी बोरिवलीच्या एका ट्रस्टची बाई तो सगळा संग्रह त्यांच्या नव्या संग्रहालयासाठी पाहायला येणार होती. शंभर वर्षांनी केरूंचं नाव चार लोक वाचतील अशा भिंतीवर लागणार होतं.

“गेली म्हणजे कुठे गेली?” मी विचारलं.

“खुंटी रिकामी आहे. कुलूप शाबूत आहे,” भाऊ म्हणाले. “तू ये, मग बोलू.”

चहा तसाच ठेवून मी निघाले.

२

खोलीत शिरलं की आधी तेलाचा आणि मेणाचा वास येतो. भिंतीवर ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली पाटी. ‘केरू गायकवाड, मोतद्दार’ या पाटीवरची खुंटी ओकीबोकी होती.

दाराच्या कुलपाला ओरखडा नव्हता. खिडकीला लोखंडी जाळी. किल्ल्यांचे दोन जुडगे, एक भाऊंकडे आणि एक सहदेवकडे.

सहदेव पिढीजात जीनगर. जिनं बनवणाऱ्यांच्या घरातला शेवटचा माणूस. घाटकोपरला असल्फ्याला राहतो, पूर्वी घोड्यांच्या तबेल्यांत जीनदुरुस्ती करायचा, आणि अठरा वर्षं दर शनिवारी येऊन भाऊंच्या सामानाची निगा राखायचा. मुंबईच्या दमट हवेत चामडं चार महिने विसरलात तर त्यावर बुरशीची साय धरते. ती खोली टिकली होती सहदेवच्या हातावर.

“गेल्या शनिवारी पिशवी होती,” भाऊ म्हणाले. “मी स्वतः पाहिली. आज सकाळी दिवा लावला तर नाही. हे बघ वनमाला, सहदेववर माझा पूर्ण विश्वास आहे. पण किल्ली त्याच्याकडे असते, हेही खरं ना?”

“आणखी कोण आलं होतं?”

“रश्मी येऊन गेली. तिला ही खोली म्हणजे डोळ्यात खुपणारा काटा. आणि तो घाटकोपरचा हर्षद. तुझ्या पिशवीवर रिसाल्याचा शिक्का आहे म्हणून वर्षभर मागे लागला होता.”

रश्मी ही भाऊंची मुलगी, अंधेरीला बँकेत. हर्षद जुन्या वस्तूंचा व्यापारी. मी दोन्ही नावं मनात टिपली. पाठमोरी झाले तर समोर काचेचं मोठं कपाट होतं. त्यात रविवारसाठी मांडलेलं एक पूर्ण सजवलेलं जीन, तंग, रिकिबी, लगाम, बाजूला तकतकीत पॉलिश केलेली नालपिशवी, सगळं जिथल्या तिथे. खाली नवीन पाटी. ‘सवार विठू परब यांचे जीन व सामान.’

“हे कधी आलं?” मी विचारलं.

“पणजोबांचं. गावच्या घरी माळ्यावर होतं. ताईने कुडाळहून पाठवलं, गेल्या महिन्यात.”

पणजोबा घोड्यावर बसून लढले हे भाऊ मला एकतीस वर्षं सांगत होते. माळ्यावरच्या सामानाबद्दल ऐकलं ते त्या दिवशी. पण माझे डोळे भरले होते, आणि मला दुसऱ्याच्या पणजोबांत काडीचा रस नव्हता. तशा पिशव्या सैन्याने हजारांनी बनवल्या, सगळ्या एकाच मापाच्या. मी कपाटाकडे पाठ केली.

माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगायचे. हरवलेला माल बहुतेक वेळा हरवलेला नसतो, दुसऱ्या नावाने दुसऱ्या रॅकवर पडलेला असतो, आधी तिथे बघ. त्या बुधवारी मी माझंच सांगणं विसरले.

निघताना भाऊ हळूच म्हणाले, “पोलिसांत नको जाऊया. रविवारपर्यंत नाही सापडली, तर मात्र मला सहदेवचं नाव ट्रस्टला कळवावं लागेल. त्यांच्याकडे त्याला कामावर घ्यायचं ठरत होतं ना, म्हणून.”

३

रश्मीने गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मला बँकेच्या बाहेरच्या उडप्याकडे बसवलं. वडिलांवर चिडलेली मुलगी, आणि चिडणं लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

“मावशी, मला ती खोली रिकामी हवीये. कबूल. बाबांना दमा आहे आणि ते त्या चामड्यात झोपतात. पण रविवारी सगळं जाणारच आहे, मग मी एक पिशवी चोरून काय करू? गळ्यात घालू?”

“तू गेली होतीस ना तिकडे?”

“परवा. औषधं द्यायला. दहा मिनिटंसुद्धा थांबले नाही. घरात केस जळल्यासारखा असा घाण वास, मला मळमळायलाच लागलं. बाबा म्हणाले सुकट भाजताना करपली. सगळ्या खिडक्या उघडून बसले होते. ऐंशीच्या घरात आले आणि स्वतः गॅससमोर उभे राहतात, बाई ठेव म्हटलं की राग येतो.”

“खोलीत गेलीस?”

“नाही, खोलीला कुलूप होतं.” तिने डोशाचा तुकडा तसाच बशीत ठेवला. “मावशी, तुम्ही एवढं मनाला लावून घेताय, मला वाईट वाटतंय. बाबांना पण लागलंय. परवापासून नीट बोलत नाहीयेत.”

मी मान डोलावली. पिशवी गेल्याचं भाऊंना कळलं ते बुधवारी. त्यांचं बोलणं मंगळवारपासूनच का बंद व्हावं, हा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. पडला नाही, कारण माझ्या डोक्यात अजून हर्षद होता.

हर्षदचं दुकान घाटकोपर पश्चिमेला, जुन्या पंख्यांनी आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यांनी खच्चून भरलेलं. तो हसलाच.

“काकी, तुमची पिशवी चोरून मी विकू कुणाला? या लाइनमध्ये सगळे मिळून वीस माणसं आहेत, यार. वीसच्या वीस जणांना माहितीये की शिक्क्याची नालपिशवी परबांकडे आहे आणि आत केरू मोतद्दाराचं नाव आहे. ते नाव असेपर्यंत ती कुणीच उघड मांडणार नाही.”

“आणि नाव नसेल तर?”

“तर ती कुणाचीही.” त्याने खांदे उडवले. “पण तेवढं काम कोण करणार? अस्तर बदलावं लागेल, जुनंच चामडं लागेल, नवं लावलं की लगेच कळतं. तसं जुनं चामडं माझ्याकडे आहे म्हणा. परबकाकाच मागच्या महिन्यात दोन तुकडे घेऊन गेले, एका घोड्याच्या पट्ट्याला आतून लावायला.”

“सहदेव आला होता न्यायला?”

“नाय. काका स्वतः. मी म्हटलं पण, आज सहदेव नाही? तर म्हणाले त्याला बरं नाही.”

परतताना मी सहदेवला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. मागच्या महिन्यात तो एक दिवसही आजारी नव्हता.

४

यापुढचं सांगताना मला लाज वाटते.

तो एक खोटा शब्द भाऊंकडे बोट दाखवत होता, आणि मी ते बोट वळवून सहदेवकडे केलं. माझ्या डोक्याने ताबडतोब जोडून टाकलं की सहदेवने भाऊंना काहीतरी सांगून चामडं मागवलं असेल. एकतीस वर्षांचा मित्र आणि अठरा वर्षांचा कारागीर यांत मी कुणाला आधी तपासलं? शुक्रवारी सकाळी मी असल्फ्याच्या चढावर सहदेवच्या दारात उभी होते.

साठीचा, सडपातळ माणूस. दारातच बसून एका शाळेच्या दप्तराचा बंद शिवत होता. मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना एकेक सुई, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर ओढायच्या. आरी डाव्या हातात.

“डावरे आहात तुम्ही?” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“जन्माचा. म्हणून माझा टाका उलटा पडतो बघा.” त्याने बंद पुढे केला. “सगळ्या जगाचा टाका उजवीकडे कलतो, माझा डावीकडे. बाप म्हणायचा, तुझं काम चोरून कुणी आपलं म्हणून नाय सांगणार.”

मग मी ते विचारलं. तुमची पिशवी जरा बघू का, घरात बघू का. गोड आवाजात, कारखान्याच्या गेटवर विचारायचे तशी.

त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि माझ्यासमोर उपडी केली. आऱ्या, चामडं कापायची रापी, मेणाचा गोळा, चष्म्याची डबी, पोळीभाजीचा डबा. घरात जाऊन ट्रंक उघडून परत दारात येऊन बसला. त्याची बायको आतून बघत होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि भिंतीकडे वळली.

“झालं, बाई?” त्याने विचारलं.

“झालं.”

“मग एक सांगतो. तुमच्या पिशवीचा पट्टा मी सात वर्षं तेल पाजून बघितला. तुमच्या घरी तो खिळ्यावर एकाच जागी लटकत होता. चामडं एकाच घडीत राहिलं की तिथे मरतं. म्हणून मी दर शनिवारी खोलीतलं प्रत्येक बक्कल एकेक भोक सरकवतो, कुठलाच पट्टा एका जागी वळू देत नाही. पण तुमची ती घडी गेली नाय. काळा वळ आणि त्यात खिळ्याच्या गंजाचा अर्धा चंद्र. तो दिसू नये म्हणून बक्कल मुद्दाम त्याच्यावर आणून भाऊ ती लोकांना दाखवायचे.” तो पुन्हा शिवायला लागला. “पिशवी कुठे सापडली तर तेवढं बघा. नाव खरवडता येतं, वळ नाय जात.”

“उद्या जाणार आहात मुलुंडला?”

“शनिवार आहे ना,” तो म्हणाला. “भाऊंनी सगळ्यावर शेवटचा हात फिरवायला सांगितलंय.”

मी उतार उतरले. आमच्या घराण्यावर लोकांनी कमी संशय घेतला नव्हता. आणि मी एका माणसाला त्याच्या दारात, त्याच्या बायकोसमोर, पोळीभाजीचा डबा उघडून दाखवायला लावला होता.

५

शनिवारी दुपारी मी बोंबील भाजायला घेतले. एक तव्यावर विसरला आणि करपला. मी खिडकी उघडायला वळले आणि तिथेच थांबले.

करपलेल्या सुक्या मासळीचा वास घाण असतो, खारट असतो, शेजारचे दार वाजवतात इतका असतो. पण तो केस जळल्यासारखा नसतो. केस जळल्यासारखा वास येतो केस, लोकर, शिंग असं काही जळलं तर. नाहीतर चामडं.

आणि रश्मी गुरुवारी म्हणाली होती ‘परवा’. गुरुवारचा परवा म्हणजे मंगळवार.

मंगळवारी भाऊ सुकट भाजत होते. एकतीस वर्षं ज्यांच्यासाठी मी दर मंगळवारी डबा सरकवला, ते भाऊ. नवरात्रात विसरतील, पण मंगळवार विसरणार नाहीत असे भाऊ. घाईत तोंडाला आलं ते सांगून गेले, आणि ज्या मुलीला सांगितलं तिचं लक्ष दम्याच्या औषधात होतं.

मी गॅस बंद केला. रडूही येईना. इतकं मूर्ख वाटत होतं. पिशवी कुणी नेली हे आता कळलं होतं, हर्षदकडचं चामडं आठवून अस्तर जाळलं हेही कळलं होतं. उरला होता एकच प्रश्न, की अस्तर बदललेली पिशवी आहे कुठे? विकायची तर नव्हती. मग एवढा खटाटोप कशासाठी?

दुसऱ्या नावाने, दुसऱ्या रॅकवर.

मी रश्मीला फोन केला आणि उद्या मुलुंडला ये म्हणून सांगितलं. का ते सांगितलं नाही. ट्रस्टच्या बाई साडेदहाला पोचणार होत्या. सहदेवलाही मी त्याच वेळी बोलावलं.

६

ट्रस्टच्या शर्मिष्ठा देसाई चाळिशीच्या, शांत, हातात वही. भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे होते. सहदेव कोपऱ्यात, रश्मी उंबऱ्यावर. भाऊ थेट काचेच्या कपाटाकडे गेले आणि सांगायला लागले. सवार विठू परब, मेसोपोटेमिया, माळ्यावर जपलेलं जीन.

मी कपाटाकडे पाहिलं. या वेळी नीट पाहिलं.

नालपिशवीचं बक्कल बुधवारी होतं त्याच्यापेक्षा एक भोक खाली आलं होतं. आणि ते सरकल्यामुळे पट्टा जिथे उघडा पडला होता, तिथे एक काळा वळ होता, आणि वळात गंजाचा अर्धा चंद्र.

माझ्या आईने आयुष्यभर ज्या खिळ्यावर ती अडकवली, त्या खिळ्याचा.

“शर्मिष्ठाताई, एक मिनिट,” मी म्हणाले. “ते कपाट उघडायला सांगा. ती पिशवी मला हातात हवी आहे.”

“वनमाला, आत्ता नको,” भाऊ म्हणाले.

सहदेवने त्याच्या जुडग्यातली किल्ली लावून कपाट उघडलं. मी पिशवी घेतली, उलटी केली. मागच्या बाजूला रिसाल्याचा शिक्का. झाकण उघडलं. आत साधं जुनं अस्तर, कोरं.

मी ओरडले नाही. कारखान्यात चौकशीचा अहवाल वाचून दाखवायचे तसं एकेक सांगत गेले. वळाचं सांगितलं. हर्षदकडून भाऊंनी स्वतः नेलेल्या चामड्याचं सांगितलं, आणि सहदेव आजारी असल्याच्या थापेचं. मग अस्तराची शिवण शर्मिष्ठाताईंना दाखवली. “या टाक्यांचा कल उजवीकडे आहे. या खोलीतली इतर कुठलीही दुरुस्ती बघा, टाका डावीकडे कलतो, कारण सहदेव डावरे आहेत. हे अस्तर त्यांनी शिवलेलं नाही. अठरा वर्षं शेजारी बसून बघितलेल्या माणसाने शिवलंय.”

“आणि जुनं अस्तर?” शर्मिष्ठाताईंनी विचारलं.

“मंगळवारी गॅसवर जाळलं. रश्मी, तुला सुकटीचा वास आला होता.”

रश्मीने बापाकडे पाहिलं. “मंगळवारी,” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही मंगळवारी...” तिने उंबऱ्यावरच बसून घेतलं.

भाऊ खुर्चीत टेकले.

“दीडशे वस्तू आहेत,” ते म्हणाले. “चोर बाजारातून, भंगारातून, लोकांच्या माळ्यांवरून आणलेल्या. त्यातली एकही माझ्या घरची नाही, हे जीनसुद्धा नाही. रिसाल्याचा शिक्का तेवढा तुझ्याच पिशवीवर. ते म्हणाले, घराण्यात जपलेलं काही असेल तर पहिल्या दालनाला पणजोबांचं नाव देऊ. माझा आजा गिरणीत साचे चालवायचा, त्याच्या आधीचं कुणाला काही माहीत नाही. माझ्या घराचा कायतरी एक होया होता गो, वनमाला. एकच.”

“म्हणून माझं घेतलंत.”

“तू मला दिली होतीस.”

“पिशवी दिली होती. केरूंचं नाव दिलं नव्हतं,” मी म्हणाले. “आणि मला कशाला फोन केलात? मी शोधणार हे ठाऊक होतं ना?”

ते खाली बघून बोलले. “तू आधी सहदेवची झडती घेशील हे ठाऊक होतं. कारखान्यात पण तू आधी हमालांचीच घ्यायचीस. रविवार तेवढ्यात निघून गेला असता.”

आयुष्यात इतकं खोल कुणी मारलं नाही मला. कारण ते खरं होतं. जवळच्या माणसालाच माहीत असतं असं खरं, आणि त्यांनी ते काढून माझ्यावर वापरलं होतं.

मी सहदेवकडे वळले. “तुम्हाला काल कळलं होतं. पट्ट्याला हात लावल्या लावल्या.”

“कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर ऐकलं कुणी असतं? आळ माझ्यावरच होता.” त्याने हातातला जुडगा टेबलावर ठेवला. “शनिवार होता, बाई. मी माझं काम केलं. बक्कल सरकवलं.”

शर्मिष्ठाताईंनी वही मिटली. “गायकवाडबाई, मला तुमच्यावर विश्वास आहे. पण नावाचा पुरावा जळाला. पाटीवर मी काय लिहू?”

सगळं सोडवलं होतं मी, आणि केरू तरीही परत नुसता आकडा झाले होते.

सहदेव पुढे आला. माझ्या हातातून त्याने पिशवी घेतली, खिशातली रापी काढली आणि भाऊंचे टाके एकामागून एक कापायला लागला. “आरीने कोरलेलं अक्षर एका पदरात थांबत नाय,” तो म्हणाला. “जोर खालच्या पदराला लागतोच.” कोरं अस्तर त्याने सोलून काढलं. खाली झाकणाचं मूळ जाड चामडं होतं. त्याने खडूची भुकटी त्यावर चोळली, फुंकर मारली.

बारीक टोचे दिसायला लागले. वाकडे, लहान मुलाच्या हातचे असावेत तसे.

मी ती पिशवी भाऊंच्या मांडीवर ठेवली. “वाचा,” मी म्हणाले.

“वनमाला...”

“सगळ्यांना ऐकू येईल असं वाचा, परबसाहेब.”

एकतीस वर्षांत मी त्यांना परबसाहेब म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला.

“केरू,” त्यांनी वाचलं. “केरू मोतदार.”

केरूंनी मोतद्दारातला एक द खाल्ला होता. त्या पिशवीवर एवढी एकच चूक त्यांची स्वतःची होती.

७

बोरिवलीच्या त्या संग्रहालयात पिशवी आता काचेमागे आहे, झाकण उघडं ठेवून. दालनाला कुणाचंच नाव दिलेलं नाही. सहदेव तिथे कामाला लागला. मी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर माफी मागितली. तिने चहा दिला. बसा म्हणाली नाही, आणि मी उभ्यानेच प्यायले. दर शनिवारी तो सगळी बक्कलं एकेक भोक सरकवतो. आमच्या वळावर मात्र बक्कल येऊ देत नाही.

परबसाहेबांचे फोन येतात. मी उचलत नाही. रश्मी सांगते, रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसतात. मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटल्याचा रागही येतो.

मी एकटीच जेवते. परवा मंगळवार होता. ताट वाढून घेतलं, आणि माझ्या हाताने बोंबलांची वाटी उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली. मी तिकडे बघत राहिले. मग उठून ती परत आणायला गेले.